पणजोबांचं नाव

फोनवरचा माणूस इतकी स्वच्छ रशियन बोलत होता की पहिली दोन मिनिटं मी खूषच होते. हल्ली माझ्या कानांना अशी भाषा मिळत नाही. उज्जैनला देवदर्शनाला येणारे रशियन लोक हिंदी, इंग्रजी आणि संस्कृतचा काला करून बोलतात. हा माणूस एक शब्द पूर्ण करून मगच दुसरा उचलत होता. त्याने माझी प्रकृती विचारली, इथली थंडी विचारली, मग म्हणाला, "काल तुम्ही माझ्या काकांबरोबर होतात. आजीचे पिंड दिलेत. मी व्हिडिओ पाहिला, फार बरं वाटलं. काका उतरलेत कुठे?"

माझ्या हातात कुकरचं झाकण होतं. ते मी आवाज न करता ओट्यावर ठेवलं.

या काकांना ना भाऊ, ना बहीण. आदल्याच दिवशी परतताना ऑटोत त्यांनी मला तसं सांगितलं होतं. आणि कसला व्हिडिओ? मला कुठलाच व्हिडिओ माहीत नव्हता. मी म्हटलं, "चौकशी करून सांगते," आणि फोन ठेवला.

मी दुभाषी आहे. अनुवादक लिहितो आणि दुभाषी बोलतो, एवढाच फरक. एका सरकारी कारखान्यात रशियन इंजिनियर आणि आपले फोरमन यांच्या मधे उभं राहून मी अठ्ठावीस वर्षं बोलले. या कामाचे नियम दोनच. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. आणि जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही, पदरचं घालायचं नाही. एकदा एका रशियन साहेबाने आमच्या जनरल मॅनेजरला गाढव म्हटलं होतं. मी तेही सांगितलं. प्रमोशन दोन वर्षं लांबलं, पण माझी मान ताठ राहिली. या ताठ मानेचा मला फार अभिमान होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

रिटायर झाल्यावर आम्ही उज्जैनला, नानाखेड्याच्या घरी आलो. आमचे हे रेल्वेतून रिटायर. इथे मी सुटीसुटी कामं घेते. दिल्लीच्या एका एजन्सीने त्या जानेवारीत मला विक्टर दिले. सत्तरीच्या आसपासचे, उंच, पासपोर्ट युरोपातल्या एका देशाचा, मातृभाषा रशियन. चार दिवसांचा मुक्काम, देवासगेटजवळच्या एका लॉजमध्ये.

रशियनांमध्ये मान देऊन हाक मारायची तर नावाला वडिलांचं नाव जोडतात. आपण कागदावर लिहितो तसंच. म्हणून पहिल्या भेटीत मी विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव?"

"नको," ते म्हणाले. "नुसतं विक्टर म्हणा."

मला ते खटकलं. सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे आजोबांना अरेतुरे करण्यासारखं. पण गिऱ्हाइकाची मर्जी.

त्यांना सिद्धवटावर आईचे पिंड द्यायचे होते. सिद्धवट म्हणजे क्षिप्रेच्या काठचा जुना वड. तिथे पितरांचं कार्य होतं आणि तिथल्या पंडितांकडे यजमानांच्या वह्या असतात. कोण आला, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुठून आला, कुठे उतरला, सगळं त्यात चढवतात. पुढच्या पिढीतलं कुणी आलं की पंडित वही उघडून त्याला त्याच्या पूर्वजांची सही दाखवतात.

आमचे पंडितजी, बद्रीप्रसादजी, पन्नाशीचे, हसतमुख. त्यांनी विक्टरना धोतर दिलं, बोटात दर्भाची अंगठी घातली आणि संकल्पासाठी विचारलं, "जजमान का नाम?"

विक्टर माझ्याकडे वळले. मग हळू विचारलं, "खोटं नाव सांगितलं तर हे आईला पोचेल का?"

मी विचारलं. पंडितजी म्हणाले, "चिट्ठी पर पता ग़लत लिखोगे तो कहाँ पहुँचेगी?"

मी शब्द न गाळता सांगितलं. विक्टर वडाखाली डोळे मिटून बसले आणि मग त्यांनी वेगळंच नाव सांगितलं. त्यात वडिलांचं नाव होतं, आडनाव होतं, गाव होतं. मी ते खणखणीत आवाजात हिंदीत दिलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे झालं.

आईचं नाव झालं, वडिलांचं, आजोबांचं. "परदादा का?"

विक्टरनी मान हलवली. "माहीत नाही. घरात त्यांचं नाव काढायचं नाही असा आजीचा दंडक होता."

"कोई बात नहीं. बहुतों को नहीं मालूम होता," पंडितजी म्हणाले आणि वहीत ती ओळ रिकामी सोडली. गोत्र कश्यप लावलं, ज्यांना माहीत नसतं त्यांना तेच लावतात. खाली लॉजचं नाव, खोलीचा नंबर. मोबाइल नंबर द्यायला विक्टर तयार होईनात, तेव्हा मी म्हटलं, "मेरा लिख लीजिए." मला वाटलं, पुण्याचं काम आहे.

पिंड देऊन झाल्यावर ते वडाला दूध घालताना रडले. परतताना ऑटोत त्यांनी मला सांगितलं. ते तिकडे एका बंद गावातल्या संस्थेत इंजिनियर होते. बंद गाव म्हणजे जे नकाशात नसतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी काही कागद पश्चिमेकडच्यांना दिले आणि पळून गेले. नवं नाव मिळालं, नवं घर मिळालं. "माझ्या देशाच्या लेखी मी गद्दार. आणि ज्यांच्याकडे गेलो ते म्हणतात, एकदा उलटला तो परत उलटेल. आई गेली, मला जाता आलं नाही." मी ऐकून घेतलं. दुभाष्याने ऐकायचं आणि विसरायचं असतं.

दुसऱ्या दिवशी तो फोन आला. मी लगेच बद्रीप्रसादजींना फोन लावला.

"कौन सा वीडियो, पंडितजी?"

"अरे मैडम, अपने पेज पर डाला न! विदेशी जजमान, इतना बढ़िया आपने बोला, लोग देखकर रो रहे हैं!"

मोबाइल वडाच्या पारावर टेकवून त्यांनी सगळं शूट केलं होतं आणि त्यातला मिनिटभराचा तुकडा टाकला होता. मी बघितलं. वडाखाली बसलेले विक्टर, आणि माझ्या खणखणीत आवाजात त्यांचं खरं नाव. शेवटी वहीचं पान, त्यावर पंडितजींचा अंगठा. अंगठ्याखाली ती रिकामी ओळ आणि लॉजचं नाव झाकलं गेलं होतं. माझा नंबर मात्र स्वच्छ दिसत होता.

"अभी हटाइए. उनकी जान का सवाल है."

ते हबकले. दोन मिनिटांत व्हिडिओ काढून टाकला. पण बघणाऱ्यांनी बघितला होता.

दुपारी दुसरा फोन. हा इंग्रजीत, हळू आवाजात, एकदम सभ्य. "आम्ही विक्टरची काळजी घेतो," म्हणाला. मला इतका धीर आला की त्या पुतण्या म्हणवणाऱ्याच्या फोनचं मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे लोक त्यांना सुखरूप नेतील.

तिकडून प्रश्न आला, "त्या माणसाशी विक्टर काय बोलले?"

"भेटलेच नाहीत ते."

"नक्की? पूजेच्या वेळी कुणी जवळ आलं? काही दिलं, घेतलं?"

"ते आईचे पिंड द्यायला आले होते हो."

"मॅडम, आईसाठी कुणी इतक्या लांब येतं?"

मग त्यानेही विचारलंच, "कुठे उतरलेत ते?" म्हणजे काळजी घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला.

आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले. "तू नंबर कशाला दिला पण? अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, इतकी पण अक्कल नाही?" मग घाबरले. "चल, एसपी ऑफिसला जाऊ आधी."

आम्ही आधी लॉजवर गेलो. विक्टरनी दार बोटभर उघडलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "किती मिळाले तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं. "आणि कुठल्या बाजूने?"

आयुष्यात माझा इतका अपमान कुणी केला नव्हता. मी तिथेच रडले. आमचे हे, रशियन न समजताच, मधेच म्हणाले, "अहो, ये ऐसी नहीं है. बावळट है, पर ऐसी नहीं है." मी नियमाप्रमाणे तेही रशियनमध्ये सांगितलं. विक्टरनी दार पूर्ण उघडलं आणि माझी माफी मागितली. पोलिसांचं नाव काढताच मात्र हात जोडले. "रिपोर्ट लिहितील. रिपोर्टची फाइल होते. फाइल कुणीही वाचतं. मला एक दिवस द्या, मी विचार करतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ती स्वच्छ रशियन. "मी उज्जैनला पोचलो. अकरा वाजता सिद्धवटावर याल? पंडितांशी बोलायचंय. तुमची जी फी असेल ती."

हे म्हणाले, "बिलकुल नाही जायचं."

मला जायचं नव्हतंच. पण वहीत लॉजचं नाव होतं, आणि बद्रीप्रसादजी भोळे. त्यांचा फोन लागत नव्हता. पुतण्या आलाय म्हटल्यावर कौतुकाने पान उघडून दाखवतील असं मला वाटलं. मी समोर असले तर निदान डोळ्यांनी खुणावता तरी येईल. म्हणून गेले.

माणूस चाळिशीचा. खादीचा कुर्ता, कपाळावर गंध. मला वाकून नमस्कार केला. आम्ही तिघे वडाच्या पारावर बसलो आणि माझं काम सुरू झालं.

"मी यजमानांचा पुतण्या आहे. आजीचं पान बघायचं आहे."

मी हिंदीत दिलं. बद्रीप्रसादजींनी वही मांडीवर घेतली, पण उघडली नाही. हा त्यांचा रिवाज. पान दाखवण्याआधी आलेल्याला घराण्याची नावं विचारतात. वर्षानुवर्षं सगळ्यांना विचारतात, तसंच त्यालाही विचारलं.

"दादी का नाम?"

त्याने सांगितलं. बरोबर.

"दादा का? उनके पिता का?"

तेही बरोबर, जन्मगावासकट. सगळी उत्तरं बरोबर आली की वही उघडणार.

"और उनके पिता? आपके काका के परदादा?"

"अफानासी," तो म्हणाला. एक क्षणही थांबला नाही. गाव सांगितलं, धंदा सांगितला.

चुकीचं काही सांगावं असं फार वाटलं. पण काय चुकवायचं? आणि समोरच्याला हिंदी येत नसेल कशावरून? मी जे कानावर पडलं तेच सांगितलं.

बद्रीप्रसादजींनी वहीवर दोन्ही हात ठेवले. हसू गेलं होतं.

"मैडम, इनसे कहिए, जजमान को ख़ुद परदादा का नाम नहीं मालूम था. जगह खाली पड़ी है. काका को नहीं मालूम और भतीजे को गाँव तक मालूम है?"

मी सांगितलं.

"और कहिए, तीस साल से गद्दी पर बैठा हूँ. घर का आदमी अटकता है. घर फ़ोन लगाकर पूछता है, अम्मा, बड़े दादा का नाम क्या था. ये तो मार्कशीट पढ़ रहे हैं. पन्ना नहीं खुलेगा."

मी हेही शब्दशः सांगितलं. मार्कशीटला मात्र रशियन शब्द शोधावा लागला. मनातल्या मनात मी पंडितजींच्या पाया पडत होते. ज्यांना मी भोळे समजत होते त्यांनी परवा आमच्याकडून ऐकलेल्या एका वाक्यावर सगळं ओळखलं होतं.

तो माणूस रागावला नाही. उलट हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तुम्हीच सांगा. कुठे आहेत?"

"दुभाषी फक्त दुसऱ्याचं बोलणं सांगतो," मी म्हटलं. "स्वतःचं काही सांगायची मला सवय नाही."

"चांगली सवय आहे." तो उठला, कुर्ता झटकला. "तुमचे पती रोज सहाला कोठी रोडला फिरायला जातात, नाही का? डायबिटीसला चालणं चांगलं. पण थंडी फार आहे. मफलर बांधायला सांगा."

तो गेल्यावर पंडितजींनी पाणी दिलं. ते म्हणाले, "आप घर मत जाइए सीधे." मी दोन ऑटो बदलले, मधे एका साडीच्या दुकानात अर्धा तास बसून राहिले, तिथून ह्यांना फोन केला आणि मग मागच्या गल्लीने लॉजवर गेले.

विक्टरना सगळं सांगितलं. पंडितांनी पान उघडलं नाही हे ऐकून त्यांनी सुस्कारा सोडला. मग मी म्हटलं, "पण तुमच्या पणजोबांचं नाव कळलं. अफानासी. बेकरी होती त्यांची."

ते खुर्चीवर बसले.

"त्यांना तेव्हाच्या सरकारने नेलं होतं. रात्रीतून घरातले त्यांचे सगळे फोटो जाळले. आजी मरेपर्यंत बोलली नाही. ते नाव जगात एकाच ठिकाणी होतं. त्यांच्या फायलीत." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे पत्रकार नाही, भुरटा नाही. त्यांनी माणूस पाठवलाय." आणि मग, अगदी लहान आवाजात, "बेकरी? नक्की बेकरी म्हणाला?"

एकाच बातमीने माणूस मरणाला भ्याला आणि पणजोबा सापडले म्हणून सुखावला, दोन्ही मी समोर बसून बघितलं. मला दोन्हींचं सारखंच वाईट वाटलं.

"त्या इंग्रजीवाल्यांना फोन करा," मी म्हटलं.

"ते विचारतील, तो तुला कसा सापडला? तू बोलावलंस का? मग मला कुठेतरी बसवून महिनोन्महिने तेच विचारतील." त्यांनी बॅग उचलली. "बस कुठून सुटतात?"

विमानतळावर कुणी ना कुणी उभं असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आमचे हे स्कूटर घेऊन आले. स्वतःचा मफलर काढून त्यांनी विक्टरच्या डोक्याला, कानांना, तोंडाला गुंडाळला, अगदी एखाद्या काकाला दवाखान्यात न्यावं तसं. भर दुपारी नानाखेडा बसस्टँडवर तीन-चार बस उभ्या होत्या. विक्टरनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुम्ही खोटं बोलू शकत नाही. म्हणून पाठ फिरवा. मी कुठल्या बसमध्ये चढलो ते बघू नका."

मी आणि हे, दोघेही उसाच्या रसाच्या गाड्याकडे तोंड करून उभे राहिलो. मागे कंडक्टर ओरडत होते, देवास, इंदौर, मक्सी, आगर. मी कान बंद करून घेतले. वळून बघितलं तेव्हा दोन बस गेल्या होत्या.

त्यानंतर फोन सुरू झाले. आठवड्याला एक रशियनमधून, एक इंग्रजीतून. काही कळलं का? पत्र आलं का? ह्यांचं कोठी रोडला फिरणं बंद, आम्ही गच्चीतच चालायचो. दारावरची बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचो. पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोघेही विचारताहेत, म्हणजे विक्टर दोघांनाही सापडलेले नाहीत. मग मी त्या फोनांची वाट बघू लागले. सोमवारी रशियन, गुरुवारी इंग्रजी. भीतीही वाटायची आणि फोन आला की हायसंही वाटायचं.

पावसाळ्यात एका सोमवारी फोन आला नाही. पुढच्या सोमवारीही नाही.

गुरुवारी इंग्रजीवाल्याने विचारलं, "पुतण्याचा फोन येतो अजून?"

"नाही. दोन आठवडे झाले."

शेवटचा कुठल्या सोमवारी आला, ते त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "थँक यू, मॅडम." त्यानंतर त्याचाही फोन आला नाही. मी कितीतरी गुरुवार फोन पदराशी घेऊन बसले.

सर्वपित्री अमावस्येला हे त्यांच्या आई-वडिलांचं तर्पण करायला सिद्धवटावर गेले, मीही गेले. गर्दी ओसरल्यावर बद्रीप्रसादजींनी आपणहून ती वही काढली.

"मैडम, परदादा का नाम उस दिन उस आदमी ने बोला था. चढ़ा दूँ? नाम तो सच्चा था."

मी हो म्हटलं आणि नाव पुन्हा सांगितलं. त्यांनी रिकाम्या ओळीत अफानासी लिहिलं. मग पेन वर, यजमानाच्या नावापाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. यजमान गेला की त्याच्या नावापुढे तिथी चढवतात.

"इनका कुछ पता चला?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पुढे झाले.

"पंडितजी, वो जगह खाली रहने दो. मेरा मफलर है उनके पास. लौटाने आएँगे."

पंडितजींनी पेनाला टोपण लावलं.

या कामात नव्याने येणाऱ्या मुली कधीकधी सल्ला विचारायला येतात. मी त्यांना जुने दोन नियम सांगते आणि त्यात आता दोन घालते. तोंड उघडण्याआधी कॅमेरा कुठे आहे ते बघा. आणि पुण्यकर्म असलं तरी स्वतःचा मोबाइल नंबर कुठल्या वहीत देऊ नका. दिलाच असेल तर लगेच बदला.

माझा मी अजून बदललेला नाही.